घर प्रकल्प : औसा रोड, तिसरा मजला

१० ऑगस्ट २०२५, रविवार

वही आजपासून सुरू. लग्नाला नऊ वर्षं झाली, लातुरात भाड्याची तीन घरं झाली, आणि काल घरमालकांनी भाडं ९,००० चं १०,५०० करणार म्हणून सांगितलं. रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आता बघूच." एवढंच बोलला, पण मला घास गिळवेना. आनंद होता की धास्ती, ते अजून कळलेलं नाही.

मी मार्केट यार्डात आडतीवर हिशेब लिहिते. रोज तूर, सोयाबीन, हरभऱ्याचे लाखांचे सौदे माझ्या वहीत उतरतात. दुसऱ्याचे लाख लिहिताना हात कधी थांबत नाही. आज स्वतःची शिल्लक मांडताना तीन वेळा खाडाखोड झाली.

शिल्लक दोघांची मिळून ९,४०,०००. पगार माझा २७,०००, त्याचा ३१,०००. सोनं मोजायचं नाही, हे आधीच ठरलंय. लेकीच्या शाळेचे ४०,००० बाजूला काढलेत, तेही यात धरलेले नाहीत.

१४ ऑगस्ट, गुरुवार

फ्लॅट बघायच्या आधी बँक गाठली. आडतीत शेतकरी माल घेऊन येतो तेव्हा काट्यावर वजन आधी होतं, मग भाव. तसंच हे. आपलं वजन किती, ते आधी कळलेलं बरं.

साहेबांनी पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचा खातेउतारा बघून २५ लाखांची तत्त्वतः मंजुरी तोंडी सांगितली, पत्र सोमवारी. ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी हप्ता २०,९११ रुपये. दोघांच्या पगाराच्या साधारण ३६ टक्के. व्याजदर तरता (बाजाराबरोबर वरखाली होणारा) असल्यामुळे मध्येच पैसे आले आणि भरले तर दंड नाही, हेही विचारून घेतलं.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती: मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी कर्जात धरत नाहीत. ती आपल्याच खिशातून. म्हणजे ९,४०,००० मधले अडीच लाख घराला लागायच्या आधीच गेले.

१७ ऑगस्ट, रविवार

तीन फ्लॅट पाहिले.

बार्शी रोडचा अजून बांधकामात आहे. नमुना घर झकास, पण ताबा दीड वर्षानंतर, आणि तोवर भाडं आणि हप्ता दोन्ही चालू. वर जीएसटी. सोडला.

अंबाजोगाई रोडचा वरच्या मजल्याचा. छताला पोपडे धरलेले आणि त्यावर नवाकोरा रंग. ऑगस्टमध्ये घाईने रंग कोण देतं? सोडला.

औसा रोडचा तिसरा मजला. दोन बेडरूम, चटई क्षेत्र ६४० चौरस फूट (एजंट ९०५ म्हणत होता, तो सुपर बिल्टअपचा, म्हणजे भिंती, जिना वगैरे धरून केलेला आकडा), २०१२ ची इमारत, बारा फ्लॅट. मालक निवृत्त शिक्षक, मुलाकडे पुण्याला जाणार. मागणी ३४ लाख. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं लिंबाचं झाड दिसतं. मी दोन मिनिटं तिथंच उभी राहिले. सरांच्या मिसेसनी चहा ठेवला तेव्हा भानावर आले.

घरी येताना नवऱ्याला म्हटलं, "मला आवडलंय ते कुणाला दिसलं नाही ना?" तो म्हणाला, "तू खिडकीला हात लावून उभी होतीस."

२४ ऑगस्ट, रविवार

पाऊस होता म्हणून मुद्दाम आज एकटी गेले. पावसात घर खरं बोलतं. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर ओल आहे, तळहाताएवढी. हात लावला तर गार आणि मऊ. बाकी भिंती कोरड्या. गच्चीवर चढून बघितलं, पाणी जायचा उतार बरोबर आहे.

वॉचमनमामांशी अर्धा तास बोलले. पाण्याचं विचारल्याशिवाय लातुरात कुणी घर घेऊ नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा आम्ही प्रकाश नगरमध्ये होतो. घागरींच्या रांगेत उभं राहून माझी एक नोकरी गेली. त्यामुळे हा प्रश्न मी ओठावरून नाही, पोटातून विचारते. मामा म्हणाले, इमारतीला दोन बोअर आहेत, एक मे महिन्यात आटतो. नळाचं पाणी रोज येत नाही, पण जमिनीखालची टाकी मोठी आहे. गेल्या उन्हाळ्यात टँकर किती आले? "अकरा." वहीतून बघून सांगितलं. ज्या इमारतीचा वॉचमन टँकरची नोंद ठेवतो, ती इमारत मला पटली.

३० ऑगस्ट, शनिवार

आई गणपतीसाठी आली आहे. आज तिला फ्लॅट दाखवला.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. बाप मिरवणुकीतून उशिरा आला, घरात उकडतंय म्हणून आम्हाला घेऊन अंगणात झोपला, म्हणून आम्ही आहोत. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. सगळं आत कोसळलं. आजी आत होती.

आई आजही पुनर्वसनाच्या घरात पावसाळा सोडला तर अंगणातच झोपते.

ती जिना चढून वर आली, दारातच थांबली. आत आली तर भिंतीला हात लावत लावत, आंधळ्या माणसासारखी, खोलीच्या कडेकडेने फिरली. मग वर बघून विचारलं, "डोक्यावर किती माळे हाईत?" म्हटलं, एक. "आनि खाली?" दोन, त्याखाली पार्किंग. "म्हंजे खाली नुसते खांबच हाईत?" मी गप्प.

खाली उतरल्यावर पार्किंगमध्ये एका खांबाला तिने दोन्ही हातांनी धरून पाहिलं. "एवढ्या वर कशाला जायलीस गं बाई," एवढंच म्हणाली.

रात्री मला झोप आली नाही. आतापर्यंतची भीती पैशाची होती. ही वेगळी.

३१ ऑगस्ट, रविवार

पहाटे उठून वहीच्या मागच्या पानावर सगळ्या भीती लिहून काढल्या. एकूण चौदा झाल्या. डोक्यात असताना चौदा नव्हत्या, एकच होती, काळी आणि मोठी.

मग एकेकीपुढे लिहिलं, हिचं उत्तर कोण देऊ शकतं. वकील: चार. बँक: तीन. इंजिनिअर: दोन. प्लंबर: एक (ती ओल). उरलेल्या चार कुणाकडे जाणाऱ्या नाहीत. नोकरी गेली तर. नवऱ्याच्या कंपनीने बदली केली तर. घेतल्यावर आवडलं नाही तर. आई कधीच राहायला आली नाही तर.

त्या चारांपुढे काही लिहिता आलं नाही. पण दहा जणी कामाला लागल्या, तेवढं छातीवरचं ओझं उतरलं.

३ सप्टेंबर, बुधवार

नवऱ्याच्या ओळखीचे स्ट्रक्चरल इंजिनिअर आले होते. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून मंजूर नकाशा आणि लोखंडाचे ड्रॉइंग मिळालं (जुनी फाइल सापडली हेच नशीब). आईलाही मुद्दाम बरोबर नेलं. मी समजावण्यापेक्षा तिने त्यांच्याकडून ऐकावं.

त्यांनी तिलाच समोर बसवून सांगितलं. आईची शंका रास्त आहे, म्हणाले. खाली भिंती नसलेला पार्किंगचा मजला हीच अशा इमारतींची दुखरी नस असते, कारण वरचे मजले भिंतींनी ताठ आणि खालचा मोकळा. म्हणून तिथले खांब किती जाड आणि त्यात लोखंड कसं बांधलंय, ते बघायचं. किल्लारीच्या आधी हा सगळा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरायचे. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात आला, आणि ही इमारत त्यानंतरची.

मग ड्रॉइंगवर एका रिंगवर बोट ठेवलं. खांबातल्या उभ्या सळ्यांना ज्या रिंगा घालतात, त्यांची टोकं काटकोनात दुमडली तर हादऱ्यात उघडतात. १३५ अंशात आत वळवली तर काँक्रीटच्या गाभ्यात रुतून धरून ठेवतात. ड्रॉइंगमध्ये १३५ आहे. खांब ठोकून पाहिले, प्लास्टरच्या केसासारख्या दोन रेघा सोडल्या तर तडा नाही. "कागदावर आहे ते प्रत्यक्षात शंभर टक्के झालंय, हे मी आत न बघता लिहून देणार नाही," हेही स्पष्ट बोलले. त्यांच्यावर माझा विश्वास त्या वाक्याने बसला.

आईने विचारलं, "माळवद कशाचं हाय?" ते म्हणाले, स्लॅब, खांबांना बांधलेला. भिंत पडली तरी तो खांबांवर राहतो. किल्लारीत भिंत गेली की माळवद खाली आलं, कारण त्याला दुसरा आधार नव्हता.

आई परत येताना काही बोलली नाही. रिक्षातून उतरताना म्हणाली, "तो मानूस खरं बोलायलाय."

५ सप्टेंबर, शुक्रवार

भाव किती सांगायचा? एजंट म्हणतो ३३ च्या खाली सर ऐकणारच नाहीत. एजंट दोन्हीकडून एक टक्का घेतो, भाव चढला तर त्याचं नुकसान नाही.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, फुकट. जिल्हा, गाव, मिळकत क्रमांक टाकला की त्या मिळकतीचे सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) दिसतात, त्यात मोबदला आणि बाजारभाव दोन्ही छापलेले. दुपारच्या सुट्टीत बसून शोधलं. याच इमारतीत दुसऱ्या मजल्याचा तेवढाच फ्लॅट २०२४ मध्ये २८ लाखांना, आणि पहिल्या मजल्याचा यंदा मार्चमध्ये ३०,५०,००० ला गेलाय. ही तोंडची बात नाही, सरकारी कागद आहे. (ज्या कुणाला पहिलं घर घ्यायचंय त्याने हे अर्ध्या तासाचं काम सोडू नये. माझ्या मनावरचं अर्धं धुकं याने गेलं.)

संध्याकाळी आडतीच्या एका जुन्या पट्टीच्या (मालाच्या हिशेबाच्या पावतीच्या) पाठीमागे आकडा लिहिला: ३१,५०,०००. खाली दोघांच्या सह्या. पट्टी कॅलेंडरमागे टाचली. शेवटची मर्यादा ती. घरात बसून, शांत डोक्याने, त्या खिडकीपासून लांब असताना ठरवलेली.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज भाव बोलले.

आईचं म्हणणं, पितरांचे दिवस चालू आहेत, नव्या वास्तूचं बोलणं नको. मी म्हटलं, बोलणं आता, देणंघेणं घटस्थापनेला. हे तिला चाललं. शिवाय या पंधरवड्यात दुसरे गिऱ्हाईक फिरकत नाहीत, हा विचारही होताच, तो लपवत नाही.

शेठना सकाळी सांगून टाकलं. तीस वर्षं आडत केलेला माणूस. ते म्हणाले, "बाई, भाव सांगायचा, कारण सांगायचं, आणि मग तोंड मिटायचं. समोरचा बोलेपर्यंत आपण बोललो की आपणच आपला भाव चढवतो."

सव्वासहाला फोन लावला. एजंटला नाही, थेट सरांना, एजंटला कळवून. फोन धरलेला हात इतका ओला झाला की मोबाइल दोनदा निसटला. आधी कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्या वाचल्यासारख्या बोलले. सर, घर तुम्ही छान ठेवलंय. याच इमारतीत मार्चमध्ये साडेतीस लाखांना व्यवहार नोंदलाय. बाथरूमच्या भिंतीचं काम निघणार आहे. आमची बँकेची तत्त्वतः मंजुरी हातात आहे, आम्ही २९ लाख देऊ शकतो.

आणि गप्प बसले.

पलीकडे शांतता. पंखा फिरतोय तो ऐकू येतोय, लेक आतून पाढे म्हणतेय, बारा एके बारा. मला वाटलं फोन कट झाला. तोंडातून "सर, म्हणजे ३० पर्यंत" असं निघणारच होतं, मी खालचा ओठ दातात धरला. बारा साते चौऱ्याऐंशीपर्यंत लेक आली तेव्हा सर म्हणाले, "मुलाशी बोलून सांगतो." रागावले नव्हते. दुखावलेले वाटले.

फोन ठेवल्यावर मी रडले. का ते सांगता येत नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या घराची किंमत पाच लाखांनी कमी सांगितली, हे आडतीत रोज होतं, पण तिथे तो माल असतो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सरांचा निरोप: ३२,७५,०००. आम्ही: ३०,२५,०००, आणि दोन्ही कपाटं, पार्किंग लिखापढीत.

१४ सप्टेंबर, रविवार

एजंटचा फोन. "एक पार्टी ३३ ला तयार आहे, नगदी. उद्यापर्यंत सांगा."

दुपारचं जेवण तसंच राहिलं. नवरा म्हणाला, "३२ म्हणून टाकू, काय होतंय, पन्नास हजारांनी आपण मरणार नाही." तो पन्नास हजारांचं बोलत नव्हता, त्यालाही खिडकी दिसत होती. त्याला कॅलेंडरजवळ नेलं आणि पट्टी उलटून दाखवली. दोघांच्या सह्या. बराच वेळ तो ती बघत राहिला. मग आम्ही लेकीला घेऊन गंजगोलाईत गेलो, तिला बांगड्या घेतल्या, गोलाई एक पूर्ण चक्कर मारली आणि घराचा विषय काढायचा नाही असं ठरवून तीन तास काढले. मला जमलं नाही, पण तोंडाने तरी काढला नाही.

एजंटला रात्री एवढंच कळवलं: पार्टी तयार असेल तर सरांनी त्यांनाच द्यावं, आमचा राग नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

साडेनऊला रात्री सरांचा स्वतःचा फोन.

दुसरी पार्टी होती की नव्हती, मी विचारलं नाही. सर म्हणाले, "बाई, मला एक सांगा. तुमचं कर्ज नक्की होईल ना? मागच्या वर्षी एकाने टोकन दिलं, तीन महिने अडकवून ठेवलं आणि सोडून गेला. आम्हाला झोप लागत नाही हो."

मी पलंगावर बसले. इतके दिवस मला वाटत होतं, भीती फक्त आमच्या बाजूला आहे.

त्यांना बँकेच्या पत्राचा फोटो पाठवला. पगार सांगितले, शिल्लक सांगितली, किती दिवसांत काय होईल ते तारखांसह सांगितलं. चाळीस मिनिटं बोललो. शेवटी त्यांनी ३१,२५,००० म्हटलं आणि मी हो म्हटलं. पट्टीवरच्या आकड्याच्या २५,००० खाली. कपाटं, पार्किंग आणि देवघराचा लाकडी कट्टाही.

इसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) घटस्थापनेला. त्यांच्या मिसेसचंही तेच म्हणणं होतं. सहा दिवस नुसत्या शब्दावर, म्हणून झालेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं आणि त्यांच्याकडून "मान्य" लिहून घेतलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वकीलबाईंना भेटलो. सरांना इसार दोन लाख रोख हवा होता. वकीलबाई म्हणाल्या, जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा वर रोख स्वीकारली तर घेणाऱ्यालाच तेवढ्या रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणजे नाही म्हणणं सरांच्याच हिताचं. तसं समजावलं, पटलं. चेकने ५१,०००.

नाव कुणाचं, हा विषयही आज मिटला. फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत. नवरा-बायको दोघांच्या नावे घेतलं तर ती मिळत नाही. इथे महापालिका हद्दीत ६ टक्के, म्हणजे १,८७,५००. माझ्या एकटीच्या नावावर ५ टक्के, १,५६,२५०. नवरा कर्जाला सहकर्जदार राहील. सासऱ्यांना सांगताना माझा आवाज बारीक झाला होता. ते म्हणाले, "३१ हजार वाचायलेत तर वाचव की." नंतर बराच वेळ पेपर वाचत बसले. त्यांच्या मनात काय होतं ते मी आज विचारणार नाही, दिवाळीनंतर विचारेन.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

सौदाचिठ्ठी झाली. मला महत्त्वाचं वाटतं ते कलम वकीलबाईंनी स्वतःहून घातलं: कर्ज मंजूर झालं नाही किंवा मालकीत दोष निघाला तर १५ दिवसांत इसार पूर्ण परत. आणि उलट बाजूने, आम्ही विनाकारण मागे हटलो तर इसार सरांचा. दोन्ही बाजूंना झोप लागावी अशी चिठ्ठी.

चेकवर सही करताना माझी सही बँकेतल्या सहीसारखी आली नाही. दुसरा चेक फाडावा लागला. सरांच्या मिसेसनी पाणी आणून दिलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली, हरकतींना १४ दिवस. स्वतःचं होणारं घर त्या बारीक अक्षरांत वाचताना विचित्र वाटलं. बाहेर पाऊस थांबत नाहीये, नदीकाठच्या गावांत पाणी शिरलंय, यार्डात भिजलेल्या सोयाबीनचा वास. अशात आपण घर घेतोय, हे दोन दिवस मनाला लागून राहिलंय.

३० सप्टेंबर, मंगळवार

आईला फोन. या दिवशी ती फार बोलत नाही. गावात स्मृतिस्तंभाकडे जाऊन आली. मीही घराचं काही काढलं नाही.

फोन ठेवता ठेवता तिनेच विचारलं, "तुझ्या त्या घराला दारं किती हाईत?"

एकच, म्हटलं.

"जिना दारापासून किती पावलं?"

मोजलेली नव्हती. संध्याकाळी कामावरून थेट तिकडे गेले, सरांना सांगून मोजली. नऊ पावलं, मग सत्तावन्न पायऱ्या. लगेच कळवलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज दोन धक्के एका दिवसात.

एक: वकीलबाईंच्या तीस वर्षांच्या शोध अहवालात २०१२ चा बोजा निघाला. सरांनी कर्ज २०१९ ला फेडलंय, पण गहाणमुक्तीचा दस्त नोंदवलेलाच नाही आणि बँकेचा दाखला सापडत नाही. सर घाबरले, मी त्यांना धीर दिला. दोन महिन्यांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं की मी असं करेन, तर विश्वास बसला नसता. जुन्या खात्याचा क्रमांक त्यांच्या पासबुकात आहे, दाखल्यासाठी अर्ज आजच दिला.

दोन: आमच्या बँकेचं मूल्यांकन २९,६०,००० आलं. शाखेचं धोरण ८० टक्क्यांचं, तेही मूल्यांकन आणि करार यातल्या कमी आकड्यावर. म्हणजे २३,६८,०००. २५ लाख धरून केलेल्या हिशेबाला १,३२,००० चं भगदाड.

रात्री हिशेब पुन्हा मांडला. आमच्या हिश्श्याचे ७,५७,०००, मुद्रांक १,५६,२५०, नोंदणी ३०,०००, एजंट ३१,२५०, वकील-शोध-नोटीस १८,०००, बँकेचा खर्च १५,०००. बेरीज १०,०७,५००. हातात ९,४०,०००. कमी ६७,५००.

पोटात गोळा आला, पण पहिल्या रविवारसारखा नाही. तेव्हा किती घाबरायचं तेच माहीत नव्हतं. आज माहीत आहे: ६७,५०० रुपयांइतकं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बँकेत साहेबांसमोर बसले. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमात ९० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. ८० हे शाखेचं धोरण, नियम नव्हे. हे भांडण म्हणून नाही, विनंती म्हणून मांडलं. त्यांनी आणखी सहा महिन्यांचे उतारे आणि नवऱ्याच्या कंपनीचं पत्र मागितलं, प्रस्ताव ८५ टक्क्यांचा करून वरिष्ठांकडे पाठवला. तसं झालं तर मूळचे २५ लाख बसतात.

नोटिशीची मुदत आज संपली. हरकत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मंजूर. २५ लाख. सरांच्या जुन्या बँकेचा दाखलाही मिळाला, गहाणमुक्तीचा दस्त परवा.

शेठना सांगितलं. त्यांनी गादीखालून पेढ्याचा पुडा काढला. त्यांना आधीच खात्री होती तर.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळी साडेदहापासून. दिवाळीच्या तोंडावर गर्दी फार, नंबर सव्वादोनला लागला. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार. माझा अंगठा यंत्राला तीनदा उमटेना, कार्बनची शाई वर्षानुवर्षं बोटांत मुरलीय. बाईंनी ओल्या रुमालाने पुसून दिला, मग उमटला. सही मात्र या वेळी बँकेतल्यासारखीच आली.

सरांची सही थरथरली. कार्यालयाबाहेर आल्यावर त्यांनी चाव्या देताना एक सुटी काढून दाखवली, "ही गच्चीची. उन्हाळ्यात टाकी बघायला लागते, जपून ठेवा." मिसेस रिक्षात आधीच जाऊन बसल्या होत्या, इकडे बघत नव्हत्या. मी जाऊन पाया पडले.

बाकी कामं: वीज मीटर नावावर, मालमत्ता कराला नाव, सोसायटीचं भागपत्र, बाथरूमची भिंत (प्लंबर ६,५०० म्हणतो).

आई भाऊबीजेला येणार आहे. फोनवर म्हणाली, रात्री राहीन, पण हॉलमध्ये, दाराजवळ, आणि दाराला कुलूप लावायचं नाही, नुसती कडी. नवऱ्याने दाराची वरची कडी काढून तिच्या हाताला येईल अशी खाली बसवायला घेतली आहे.